उन्हाळ्यात लॅपटॉप अतिशय तापतो आणि दुपारी चार्जिंगही थांबते : घरच्या घरी काय करता येईल?

ताडोबाकाठ यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार. मी चंद्रपूरला राहतो आणि लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे व जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम घरूनच करतो. माझा लॅपटॉप सुमारे चार वर्षांपूर्वी घेतलेला, १५ इंची असून त्यात इंटेलचा अकराव्या पिढीचा कोअर आय५ प्रोसेसर (११३५जी७), ८ जीबी मेमरी आणि एसएसडी आहे. मार्चपर्यंत त्याच्याबद्दल काहीही तक्रार नव्हती. एप्रिलच्या मध्यापासून मात्र दुपारी बारानंतर त्याचा पंखा एकसारखा पूर्ण वेगाने फिरत राहतो, कीबोर्डचा पडद्यालगतचा भाग हात ठेववणार नाही इतका तापतो, आणि एक्सेलमध्ये साधा रकाना भरतानाही अक्षरे मागाहून उमटतात. अधूनमधून तो कोणतीही सूचना न देता बंद पडतो. चार्जर लावलेला असतानाही चार्जिंग होत नसल्याचा संदेश येतो. संध्याकाळी उशिरा तोच चार्जर त्याच बोर्डावर नीट चालतो, त्यामुळे चार्जर बिघडला असेही म्हणवत नाही.

घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी जवळ असल्यामुळे सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोट फिरवले तर काळी धूळ लागते, हेही सांगून ठेवतो. येथील एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले असून त्याने सांगितलेला खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या घरात जातो. एक मित्र फ्रीजमधील बर्फाची पिशवी खाली ठेवण्यास सांगतो, तर दुसरा कूलिंग पॅड घेण्याचा आग्रह धरतो. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आत जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असल्याने यंत्र बरेच दिवस दुरुस्तीस देऊन बसणे मला परवडणारे नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तापमापी यांचे उत्तर

मदरबोर्डचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपण सांगितलेल्या एकाही लक्षणावरून मदरबोर्ड गेला असा निष्कर्ष निघत नाही. सकाळी नीट चालणारे आणि दुपारी अडखळणारे यंत्र बहुधा बिघडलेले नसते. ते स्वतःला वाचवत असते. आपल्या प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिच्या जवळ पोचताच तो आपला वेग आपणहून उतरवतो, त्यामुळे अक्षरे मागाहून उमटतात. आणि वेग उतरवूनही तापमान आटोक्यात आले नाही, तर आतील भाग जळू नयेत म्हणून यंत्र तडकाफडकी बंद होते.

यात खोलीच्या हवेचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच मोठा असतो. पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, त्यामुळे प्रोसेसर कधीही खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो खोलीच्या तापमानावर आपली भर घालतो. काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७८ अंशांवर असतो, तोच ४२ अंशांच्या खोलीत ९५ च्या आसपास जाऊन बसतो. अनेक उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच लॅपटॉप वापरावा असे छापतात. म्हणजे आपल्याकडचा मे महिना त्यांनी जमेस धरलेलाच नाही.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी मोजणी करावी. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरचे तापमान, पंख्याचा वेग आणि मर्यादा गाठली गेली होती की नाही, हे सर्व दाखवते. पहाटे खोली त्यातल्या त्यात थंड असताना यंत्र सुरू करावे, कोणताही प्रोग्राम न उघडता पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे, आणि मग प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. हा फरक ढोबळपणे १५ ते २५ अंशांचा असेल तर यंत्राची प्रकृती ठीक आहे आणि दोष मुख्यतः ऋतूचा आहे. फरक ४० च्या पुढे असेल तर दोनच शक्यता उरतात: एक तर आत कोणीतरी गुपचूप राबत आहे, किंवा निर्माण झालेली उष्णता बाहेर पडत नाही. त्यांतली कोणती खरी, हे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडल्यास कळते. तेथे सीपीयूचा रकाना ४० टक्के दाखवत असेल तर अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट किंवा ब्राउझरमधील एखादी विसरलेली टॅब यांपैकी काहीतरी सापडेल. तो ४-५ टक्केच दाखवत असेल आणि तरीही तापमान ७५ असेल, तर यंत्र काम करून तापलेले नाही. उष्णतेची वाट अडली आहे. माझा अंदाज या दुसऱ्या बाजूने आहे, कारण हिशेबाच्या कामाने हा प्रोसेसर घामाघूम होण्याचे काही कारण नाही.

चार्जिंगचे कोडे त्या मानाने सोपे आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावयाची असते, आणि तिच्यातील नियंत्रक मंडल स्वतःचे तापमान मोजत असते. आपली खोलीच ४२ अंशांवर असेल आणि शेजारी तापलेला मदरबोर्ड असेल, तर बॅटरी ही मर्यादा सहज ओलांडते आणि चार्जिंग थांबवले जाते. संध्याकाळी ती निवली की ते पूर्ववत होते. चार्जर बदलण्याची गरज नाही.

वीस तारीख जवळ असेल तर तोपर्यंतचा उतारा म्हणून प्रोसेसरचा जादा वेग (टर्बो) बंद करून ठेवावा. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंग्जच्या आत, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट हा आकडा १०० ऐवजी ९९ केला की टर्बो बंद होतो. एका टक्क्याने काय होणार, असे वाटेल. परंतु हा प्रोसेसर एरवी क्षणभरासाठी ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत उसळी घेतो आणि तेवढ्यासाठी त्याला व्होल्टेजही जास्त लागते. खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे शेवटची ती उसळी सर्वांत महाग पडते. हिशेबाच्या कामात तिची उणीव जाणवणारही नाही. काही यंत्रांवर हा पर्याय दिसत नाही. तेथे सेटिंग्जमधील पॉवर मोड सर्वांत काटकसरीचा निवडावा.

वऱ्हाडी पाहुणा यांचे उत्तर

वरील विवेचनाशी सहमत आहे. मी अकोल्याचा असल्यामुळे केवळ घर आणि खोली यांविषयी लिहितो.

कूलर असलेल्या घरात लॅपटॉपला कूलरचा लाभ द्यायचा, पण त्याच्या तोंडासमोर बसवायचे नाही, हे पथ्य आहे. कोरड्या उन्हाळ्यात चांगला कूलर हवा दहाबारा अंशांनी सहज उतरवतो, आणि वर सांगितलेल्या गणितानुसार ते सर्व अंश प्रोसेसरच्या खात्यात जमा होतात. कोणताही कूलिंग पॅड एवढे देणार नाही. तथापि खसाच्या किंवा गवताच्या ताट्या नीट बसलेल्या नसतील तर झोतासोबत बारीक तुषार येतात, आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते, आणि तुषार वाळले की क्षार उरतात. लॅपटॉपचा पंखा हे तुषार ओढून घेतो. टेबल झोताच्या रेषेतून बाजूला ठेवावे, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण बंद खोलीत कूलर चालवला की हवा दमट होऊन तो निकामी ठरतो.

छताचा पंखा मात्र वरच्या मजल्यावर फसवा असतो. तो स्लॅबखाली साठलेली गरम हवाच खाली ढकलतो. अंगाला घाम असल्यामुळे आपल्याला बरे वाटते, परंतु लॅपटॉपला घाम येत नाही. गच्चीवर चुना मारला आणि काम खालच्या मजल्यावर किंवा उत्तरेकडील खोलीत नेता आले तर पाहावे. व्यापारी लोक सकाळी लवकर कागद देत नाहीत याची कल्पना आहे, तरी एप्रिल-मेमध्ये जड काम सकाळी दहाच्या आत उरकण्याला पर्याय नाही. अँटिव्हायरसची पूर्ण तपासणीही त्याच वेळेला लावून ठेवावी.

गादीवर, दिवाणावर किंवा टेबलावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कापडावर लॅपटॉप ठेवू नये. अनेक लॅपटॉप बुडातून हवा घेतात, आणि मऊ किंवा सैल कापड त्या जाळीला चिकटते. मागची कड इंचभर उचलली तरी फरक पडतो. मात्र त्यासाठी ठेवलेली वही जाळीखालीच येत नाही ना, एवढे पाहावे.

झाकणउघड्या यांचे उत्तर

मी पुण्यात लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. तापण्याच्या तक्रारीवर झाकण न उघडता मदरबोर्ड सांगणे योग्य नाही, एवढेच त्याविषयी म्हणतो.

तीन-चार वर्षे न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये काय असते ते सांगतो. प्रोसेसरवरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून कडेच्या बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत जाते, आणि पंखा त्या पात्यांमधून हवा बाहेर फेकतो. धूळ साठते ती बाहेरून दिसणाऱ्या जाळीवर नव्हे, तर पंखा आणि पाती यांच्या मधल्या सांध्यात. कापडाचे तंतू, केस आणि बारीक धूळ यांचा तेथे नमद्यासारखा एकसंध थर तयार होतो. पंखा जोरात फिरतो, आवाज येतो, पण बाहेर पडणाऱ्या झोतापुढे हात धरला तर हवा जेमतेम लागते. ही खूण आपण आत्ताच पाहू शकता. बाहेरून ब्लोअर मारला तर तो थर सुटून पंख्यात परत जातो आणि काही दिवसांनी पुन्हा तेथेच येऊन बसतो, म्हणून बाहेरून फुंकण्याचा फारसा उपयोग नाही.

हात स्थिर असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर हे काम घरी करता येते. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, आणि उन्हाने तापलेल्या टेबलावर न ठेवता मऊ कापडावर पालथे घालावे. स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात आणि काही रबरी पायांखाली लपलेले असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून जो स्क्रू जेथून निघाला तेथेच तो टोचून ठेवावा, कारण आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला तर वरचे कीबोर्डचे आवरण फुटते. झाकणाच्या क्लिपा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवाव्यात, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने नव्हे. झाकण निघाल्यावर प्रथम बॅटरीची पिन सोडवावी, आणि मगच इतर कशाला हात लावावा. त्यानंतर पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलला की मागे तो थर समोर दिसतो. चिमट्याने तो बहुधा एका तुकड्यात निघतो. उरलेली धूळ रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने काढावी, आणि हवा मारायचीच असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून मारावी. मोकळा सोडलेला पंखा झोताने भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. घरातील व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये. चंद्रपूरसारख्या ठिकाणी हे काम वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, करावे.

प्रोसेसरवरील पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता तांब्याच्या पट्टीपर्यंत पोचवणारा लेप, बदलणे ही पुढची पायरी आहे. जुनी पेस्ट वाळून फुटलेली असेल तर तिचाही फरक पडतो. तांब्याच्या पट्टीवरील स्क्रूंजवळ अनेकदा १, २, ३, ४ असे आकडे असतात. सोडवताना उलट क्रमाने आणि आवळताना आकड्यांच्या सरळ क्रमाने थोडे थोडे आवळावे. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. आपल्या प्रोसेसरवर दोन चकचकीत चौकोन दिसतील, एक मोठा आणि एक लहान. उष्णतेचा मुख्य उगम मोठा आहे, तरी तांब्याची पट्टी जेथे जेथे टेकत होती तेथे पेस्ट हवी. शेजारच्या भागांवर करड्या किंवा निळ्या रंगाचे मऊ पॅड असतील तर ते जसेच्या तसे ठेवावेत. त्यांच्या जागी पेस्ट भरली तर जाडी कमी पडून पट्टी तेथे टेकतच नाही. पाऱ्यासारखा चमकणारा द्रव दिसला तर मात्र झाकण परत लावावे, कारण तो द्रवरूप धातू असतो, तो वीजवाहक असतो आणि घरी हाताळण्याचा प्रकार नाही. आपल्यासारख्या साध्या यंत्रात तो सहसा नसतो.

समुद्रकाठ यांचे उत्तर

पेस्टच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्यांदाच लॅपटॉप उघडणाऱ्या व्यक्तीने फक्त धूळ काढून थांबावे आणि पुन्हा मोजणी करावी. धूळ काढूनच पुरेसा फरक पडला तर चालू स्थितीतील पेस्ट उकरण्याचे प्रयोजन उरत नाही. ज्यांच्यासाठी हे रोजचे काम आहे त्यांना ते सोपे वाटते; ज्याला वीस तारीख गाठायची आहे त्याने एका दिवशी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने काय झाले तेही कळते.

बर्फाच्या पिशवीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून आवर्जून लिहितो: ती मुळीच ठेवू नये. थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्प पाणी होऊन जमते, आणि ते बुडाच्या धातूच्या आतल्या बाजूलाही जमू शकते, जेथे ते आपल्याला दिसत नाही. कूलर चालू असलेल्या दमट खोलीत तर हा धोका आणखी वाढतो. ओले फडके हा त्याचाच धाकटा भाऊ. आमच्याकडे रत्नागिरीला हवाच दमट आणि खारी असल्याने आतली धूळ चिकट होते, पात्यांवर हिरवट थर चढतो आणि पंख्याचे बेअरिंग लवकर कुरकुर करू लागते. कोरड्या चंद्रपुरात मुद्दाम पाणी नेण्याची काय गरज?

कूलिंग पॅड अगदीच निरुपयोगी नसतो. ज्या लॅपटॉपची हवा घेण्याची जाळी बुडाला आहे आणि पॅडचा पंखा बरोबर तिच्याखाली येतो, तेथे तो काही अंश उतरवतो. मात्र आतली वाट बंद असेल तर बाहेरून कितीही हवा मारली तरी ती दाराशीच थांबते. म्हणून तो घ्यायचाच असेल तर साफसफाईनंतर घ्यावा.

ताडोबाकाठ यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहाटेची मोजणी केली तेव्हा खोली ३१ अंशांवर आणि काहीही न करणारा प्रोसेसर ७४ अंशांवर होता. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वापर ५ टक्क्यांच्या आत होता. विवरणपत्रे भरून झाल्यावर झाकण उघडले. वर्णन केल्याप्रमाणे पंख्यामागे काळसर थर होता आणि तो सलग निघाला. पेस्टला हात लावला नाही. आता त्याच वेळी, त्याच खोलीत प्रोसेसर ५२ अंशांवर असतो, आणि दुपारी कूलरच्या बाजूला बसून काम केले तर तो ८५ च्या पुढे गेलेला दिसत नाही.

परंतु एक नवी शंका आहे. झाकण उघडल्यावर बॅटरीच्या तीन भागांपैकी मधला भाग शेजारच्यांपेक्षा किंचित उंच आणि दाबल्यास मऊ लागतो असे दिसले. टचपॅडची क्लिकही गेल्या काही आठवड्यांपासून घट्ट झाली आहे, ती मी धुळीमुळे असावी असे समजत होतो. यंत्र नीट चालते आहे, तर हा उन्हाळा निघेपर्यंत ही बॅटरी तशीच ठेवावी का?

झाकणउघड्या यांचे उत्तर

नाही. बाकी सर्व सल्ले सवडीने अमलात आणण्याजोगे होते. हा आजच आणावा. पुन्हा दाबून पाहू नये. बॅटरीतील द्रावणाचे विघटन होऊन आत वायू साठला की ती फुगते, आणि बराच काळ १०० टक्के चार्ज असलेल्या स्थितीत उष्णतेत राहणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. आपला लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडलेला असणार. टचपॅड बॅटरीच्या बरोबर वर असतो, त्यामुळे क्लिक घट्ट होणे हे फुगण्याचे नेहमीचे पहिले लक्षण आहे, आणि ते धुळीवर ढकलले जाणेही तितकेच नेहमीचे आहे.

यंत्र बंद करावे आणि चार्जर काढावा. झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवावी, आणि बॅटरी केवळ स्क्रूंवर बसवलेली असेल तर ते काढून ती अलगद बाहेर घ्यावी. ती चिकटपट्टीने डकवलेली असेल तर खाली काहीही घालून उचकटू नये. तेवढ्यासाठी दुकानात न्यावे, आणि नेताना लॅपटॉप बंदच ठेवावा. टोचणे, वाकवणे, वायू सोडण्यासाठी छिद्र पाडणे हे प्रकार आग लावणारे आहेत. काढलेली बॅटरी फरशीवर, कागद आणि कापडापासून दूर, सावलीत ठेवावी. तिला फ्रीजमध्ये ठेवू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे आपल्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे जवळचे संकलन केंद्र विचारावे.

नवी बॅटरी येईपर्यंत अनेक लॅपटॉप केवळ चार्जरवर चालतात, मात्र बॅटरी नसताना काही यंत्रे प्रोसेसरचा वेग मुद्दाम फार खाली ठेवतात. तसे झाले तर पुन्हा काही बिघडले असे समजू नये. वीज जाताच यंत्र बंद होईल, म्हणून इन्व्हर्टरच्या बोर्डावर जोडावे आणि काम वरचेवर सेव्ह करावे. नवी बॅटरी बसवल्यावर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय असल्यास तो पहिल्याच दिवशी चालू करावा.